दहा वर्षांचा आरोग्य आराखडा करायचा, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भातल्या एका ग्रामीण जिल्ह्यात जिल्हा परिषद आणि जिल्हा नियोजन समितीने मिळून पुढच्या दहा वर्षांचा आरोग्यसेवेचा आराखडा करायचं ठरवलं आहे. पीआयपीच्या, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाकडे पाठवायच्या कामांच्या आणि खर्चाच्या प्रस्तावाच्या, बैठका होतात, मागण्या जातात, थोडंफार मंजूरही होतं, तरी पाच वर्षांपूर्वीची दुखणी तशीच आहेत. मग हा आराखडा वेगळा कसा करायचा, कोणती माहिती गोळा करायची, आणि अधिकारी बदलल्यावर तो कपाटात जाऊ नये म्हणून काय करायचं?

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. अर्धवट चालणारी पंधरा रुग्णसेवेची ठिकाणं आणखी वाढवू नका. चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालतील अशी तीन-चार ठिकाणं नक्की करा. प्रत्येक गावाहून त्यांतल्या एका ठिकाणी पावसाळ्यातल्या रात्री किती वेळात पोचता येतं, यावर बाकीचा आराखडा उभा करा.

असं म्हणायचं कारण आपल्या नेहमीच्या आराखड्यांत आहे. आरोग्य आराखडा म्हटला की इमारतींची यादी तयार होते: इतकी नवी उपकेंद्रं, इतके पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्रं), अमुक ग्रामीण रुग्णालयाची श्रेणीवाढ. त्यासाठी लोकसंख्येचे निकष हाताशी असतात. उपकेंद्र मैदानी भागात ५,००० लोकांमागे आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० मागे, पीएचसी ३०,००० आणि २०,०००, त्यावरचं रुग्णालय १,२०,००० आणि ८०,०००. निकष वाईट नाहीत, पण त्यांना अंतर दिसत नाही. २०११च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला ७४ होती. म्हणजे २०,००० लोकसंख्येचा एक पीएचसी सरासरी २७० चौरस किलोमीटर सांभाळतो, आणि भामरागड-एटापल्लीकडे वस्ती याहून विरळ आहे. कागदावर निकष पूर्ण झालेला असतो आणि बाई मात्र नाल्याच्या पलीकडे अडकलेली असते.

पहिलं काम मालकी ठरवण्याचं. उपकेंद्रं आणि पीएचसी जिल्हा परिषदेचे, म्हणजे डीएचओंकडे (जिल्हा आरोग्य अधिकारी). ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय सिव्हिल सर्जनकडे (सीएस). मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याचं. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, आश्रमशाळा आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाकडे, आणि १०८ रुग्णवाहिकांचा करार राज्यपातळीवरचा. जोखमीची गरोदर बाई आशाताईकडून पीएचसीत, तिथून आरएचला (ग्रामीण रुग्णालय), तिथून कॉलेजला जाते तेव्हा ती तीन वेगवेगळ्या प्रशासनांच्या हद्दी ओलांडते. परतीचा निरोप कुणीच धाडत नाही. बाळ कमी वजनाचं होतं, घरी सोडलं आहे, पुढच्या आठवड्यात वजन करा, हे आशाताईला बाळ घरी आल्यावर कळतं. म्हणून आराखड्याचा गाभागट डीएचओ आणि सीएस या दोघांच्या सहीने बनवा. त्यात कॉलेजच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागाचा एक माणूस, प्रकल्प अधिकारी, सार्वजनिक बांधकामचे कार्यकारी अभियंता आणि वीज कंपनीचा अधिकारी पहिल्या बैठकीपासून हवेत. अभियंता का, ते पुढे येईल.

आता वेळेचा नकाशा. मोबाईलवरच्या नकाशातलं अंतर इथे घेऊ नका. प्रत्येक टोला, पोड, गुडा अशा लहान वस्त्यांची यादी आशाताई आणि आरोग्यसेवकांकडून करून घ्या. महसुली गावांची यादी पुरत नाही, कारण यवतमाळकडचे कोलाम पोड किंवा मेळघाटातले ढाणे बऱ्याचदा मूळ गावाच्या नावाखाली झाकून जातात. प्रत्येक वस्तीपुढे चार आकडे लिहा: फोन लागतो का आणि नसेल तर नेटवर्क मिळेपर्यंत किती मिनिटं, गाडी यायला किती मिनिटं, गाडीचा प्रवास किती, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला किती. हे चार आकडे मे महिन्यासाठी एकदा आणि ऑगस्टसाठी एकदा, असे दोन वेळा लिहायचे. १०८ च्या नोंदी आणि रुग्णालयातल्या भरतीच्या वेळा जुळवल्या की दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्याची पडताळणी होते. चौथा आकडा सगळेच विसरतात आणि तोच अनेकदा सर्वांत मोठा निघतो. दीड तासात पोचलेली बाई भूलतज्ज्ञ येईपर्यंत आणखी तीन तास थांबते.

याच टप्प्यावर माणसं खरोखर कुठे जातात ते बघा. मेळघाटातल्या धारणीची बाई अमरावतीपेक्षा मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर जवळ म्हणून तिकडे जाते. सिरोंच्याचे रुग्ण तेलंगणात मंचेरियल, वरंगळकडे जातात. उलट गोंदियाला बालाघाटकडचे आणि भामरागडच्या बाजूला छत्तीसगडचे रुग्ण येतात. आराखड्यात हे आलं नाही तर दोन्हीकडचे आकडे चुकतात. धारणीत बाळंतपणं कमी दिसतात म्हणून पदं कमी होतात, आणि गोंदियात खाटांवर दोन-दोन रुग्ण दिसले की व्यवस्थापन वाईट म्हणून ओरड होते. तीन महिन्यांच्या केसपेपरवरून रुग्णाचा तालुका आणि राज्य मोजून घ्या. डाटा ऑपरेटरचं आठवड्याचं काम आहे, त्यासाठी वेगळ्या सर्वेक्षणाची गरज नाही. सीमेपलीकडच्या जिल्ह्याशी रेफर आणि रक्ताबद्दल लेखी समझोता करणं हा आराखड्यातला स्वतंत्र मुद्दा करा.

मग संख्या. एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, तुमचा आकडा तुम्ही घाला. तालुक्याची लोकसंख्या १,२०,००० आणि जन्मदर हजारी १५ धरला तर वर्षाला १,८०० जन्म. गर्भपात वगैरे धरून दहा टक्के वाढवले की गरोदर मातांची अपेक्षित नोंद १,९८०. त्यातल्या साधारण १५ टक्के मातांना काही ना काही गुंतागुंत होते, म्हणजे सुमारे ३००. सिझेरियनची गरज दहा टक्के धरली तर वर्षाला १८०, महिन्याला १५. म्हणजे एक दिवसाआड एक सिझेरियन. एका तालुक्यासाठी पूर्ण शस्त्रक्रिया-पथक बसवलं तर ते निम्मे दिवस रिकामं राहील, आणि एकच भूलतज्ज्ञ असला तर तो रजेवर गेल्या दिवशी सगळं बंद. तीन लगतचे तालुके एका ठिकाणी जोडले तर महिन्याला ४५ सिझेरियन होतात. हात चालता राहतो, दोन-दोन तज्ज्ञ ठेवणं परवडतं आणि रक्तही वाया जात नाही.

पूर्ण ठिकाण कशाला म्हणायचं, हे आराखड्यात शब्दशः लिहा. दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, दोन भूलतज्ज्ञ, किमान एक बालरोगतज्ज्ञ. तज्ज्ञ मिळत नसतील तर एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल प्रशिक्षण देता येतं आणि आणीबाणीच्या प्रसूतिसेवेचंही. पण प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर दुसऱ्याच ठिकाणी बदलून गेला तर ते वाया गेलं, म्हणून निवड करतानाच पदस्थापना बांधून टाका. नर्सेसचा हिशोब सरळ आहे. आठवड्याचे तास १६८, एका व्यक्तीचे ४८. एक जागा चोवीस तास भरायला साडेतीन माणसं लागतात, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं तर साडेचार. लेबर रूममध्ये प्रत्येक पाळीत दोन नर्स हव्या असतील तर नऊ पदं लागतात. तीन नर्सवर चोवीस तास लेबर रूम दाखवणारा तक्ता कुणी आणला, तर रात्री तिथे कुणी नसतं असं समजा.

रक्तसाठवण केंद्र हा या संचातला सर्वांत कच्चा दुवा. त्याला अन्न व औषध प्रशासनाची मान्यता लागते, मातृ-रक्तपेढीशी (जिथून रक्त येतं ती मोठी रक्तपेढी) करार लागतो, २ ते ६ अंशांचा रक्ताचाच फ्रीज लागतो, प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो आणि पाठबळाची वीज लागते. मान्यता मिळते, फ्रीज येतो, आणि सहा महिन्यांनी आत एकही पिशवी नसते. कारण ठरलेलं आहे. पिशव्या मुदत संपून वाया गेल्या की रक्तपेढी पुढच्या वेळी हात आखडता घेते. यावर उपाय फिरवाफिरवीचा. मुदत संपायला दोन आठवडे उरले की पिशवी जिथे खप जास्त आहे तिथे परत पाठवायची आणि ताजी आणायची. यासाठी आठवड्यातून एक ठरलेली गाडी आणि एक ठरलेला माणूस लागतो. खर्च फुटकळ आहे, पण तो कुठल्याच शीर्षाखाली नसतो, म्हणून आराखड्यात नावानिशी घाला. आपल्या भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांनाही रक्त लागतं, त्यामुळे खप वाटतो तितका कमी नसतो.

मग बाकीच्या ठिकाणांचं काय? पीएचसी बंद करा असा याचा अर्थ बिलकूल नाही. साधी बाळंतपणं, लसीकरण, ताप, बीपी-शुगर, सर्पदंशाचा पहिला डोस ही कामं तिथेच व्हावीत. पण ज्या पीएचसीत तीन वर्षं महिन्याला पाचही बाळंतपणं होत नाहीत आणि चालू रुग्णालय पावसाळ्यातही पाऊण तासात गाठता येतं, तिथली रात्रपाळीची नर्स पूर्ण ठिकाणी न्यावी असं माझं मत आहे. यावर गावात नाराजी होईल, ती समोर बसून ऐकून घ्यावी लागेल. जिथे पर्यायी ठिकाण एका तासाच्या पलीकडे आहे तिथे बाळंतपणं कितीही कमी असोत, लेबर रूम चालूच ठेवायची. अशा ठिकाणांसाठी माहेरघर ही योजना बिनतोड आहे: बाळंतपणाच्या काही दिवस आधी बाईने घरच्या माणसासह पीएचसीच्या आवारात येऊन राहायचं. ती चालत नाही तिथे बहुतेक वेळा स्वयंपाकाची सोय नसते, सोबत आलेल्या सासूच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, किंवा घरी राहिलेल्या लहान मुलांना कोण बघणार हा प्रश्न असतो. या तीन गोष्टी सोडवा, खोल्या नंतर वाढवा.

आता अभियंत्याकडे येतो. ३० खाटांच्या रुग्णालयाची इमारत उभी राहते, फीत कापली जाते आणि दोन-तीन वर्षं कुलूप राहतं, हे दृश्य आपल्याकडे नवं नाही. बांधकामाला निधी एका शीर्षातून येतो. पदनिर्मितीचा प्रस्ताव आकृतिबंधासह (पदांचा तक्ता) वित्त विभागाकडे स्वतंत्र जातो आणि बऱ्याचदा इमारत पूर्ण झाल्यावर जातो. रोहित्राची मागणी वीज कंपनीकडे शेवटी नोंदवली जाते. बोअरला पाणी लागतं, पण त्याची तपासणी होत नाही. निवासस्थानं दुसऱ्या टप्प्यात ढकलली जातात आणि दुसरा टप्पा येतच नाही. म्हणून नियम असा करा: पदनिर्मितीचा प्रस्ताव, वीजभार, पाण्याचा अहवाल आणि निवासस्थानं या चारही गोष्टी बांधकामाच्या प्रशासकीय मान्यतेच्या टिपणीतच असल्या पाहिजेत. एक जरी नसेल तर नियोजन समितीने निधी देऊ नये. सदस्यांना हे कठीण जातं, कारण इमारत दिसते आणि पद दिसत नाही. तरीही या एका नियमाने दहा वर्षांतला सर्वाधिक पैसा वाचेल.

माणसं टिकवण्याबद्दल फार तात्त्विक बोलण्यात अर्थ नाही. बंधपत्रित (शिक्षणानंतर सरकारी सेवेला बांधलेला) डॉक्टर वर्षभर येतो आणि जातो. तो असणारच असं धरून आराखडा करा, पण त्याच्यावर आराखडा टेकवू नका. दुर्गम भागात वर्षानुवर्षं राहतात ते बहुधा त्याच भागातले: स्थानिक एएनएम, आरोग्यसेवक, आशाताई, तिथेच लग्न झालेली नर्स. आश्रमशाळेतल्या मुलींना नर्सिंगला पाठवायचं असेल तर आज अकरावीत असलेली मुलगी पाचेक वर्षांनी सेवेत येईल. दहा वर्षांच्या आराखड्याचा खरा उपयोग अशा कामाला आहे, एक-दोन वर्षांच्या पीआयपीत हे बसतच नाही. तालुक्यानुसार माडिया, गोंडी, कोरकू, कोलामी बोलणाऱ्या मुली किती हव्यात, याचा आकडा आत्ताच ठरवा. बाळंतपणाच्या कळांत असलेल्या बाईला आपल्या भाषेत बोलणारी सिस्टर मिळते की नाही, यावर ती पुढच्या खेपेला येते की नाही हे ठरतं.

औषधसाठ्याचा भाग सविस्तर घेतो, कारण इथे चुका सर्वाधिक होतात आणि सुधारणं सर्वांत सोपं असतं. नेहमीची पद्धत म्हणजे गेल्या वर्षीच्या खपात दहा टक्के वाढ. पण गेल्या वर्षी औषध चार महिने नव्हतंच, तर खप कमीच दिसणार. औषध उपलब्ध होतं त्या महिन्यांचाच खप घ्या, त्यांच्या संख्येने भागा, तो खरा मासिक खप. पुरवठ्याला चार महिने लागत असतील आणि तीन महिन्यांचा राखीव साठा हवा असेल, तर साठा सात महिन्यांच्या खपावर आला की मागणी गेली पाहिजे. ई-औषधी प्रणालीत हे आकडे असतात, फक्त पीएचसीने रोजच्या रोज खर्ची टाकायला हवं.

आपल्या भागात साठा हंगामावर चालतो. एप्रिल ते जून उष्माघात: ओआरएस, सलाईन, थंड खोली. जूनपासून सर्पदंश. एका रुग्णाला सुरुवातीलाच विषरोधक सिरमच्या १० कुप्या लागतात, म्हणून पीएचसीत दोन रुग्णांपुरत्या २० कुप्या कायम हव्यात आणि आरएचला त्याच्या तिप्पट. पावडर स्वरूपातल्या सिरमला थंड, कोरडी जागा पुरते, तेव्हा आयएलआर (लसींचा फ्रीज) नाही हे कारण ऐकून घेऊ नका. सोबत २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीसाठी काचेची कोरडी, स्वच्छ नळी लागते. प्लास्टिकच्या नळीत ही चाचणी फसते. ऑगस्ट ते ऑक्टोबर कापूस-सोयाबीनवर फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेच्या गंभीर रुग्णाला ॲट्रोपिन ३ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर पाच मिनिटांनी दुप्पट करत न्यावं लागतं: ३, ६, १२, २४. वीस मिनिटांत ४५ मिलिग्रॅम. अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची, म्हणजे ७५ अँप्यूल एका रुग्णाला पहिल्या वीस मिनिटांत, आणि पुढे चालू ठेवायचा डोस वेगळा. ज्या आरएचला ५० अँप्यूल हा महिन्याचा साठा आहे, तिथे पहिलाच रुग्ण पुरा होत नाही. कापूसपट्ट्यातल्या आरएचला हंगामात ५०० च्या खाली जाऊ देऊ नका.

पुराने तुटणाऱ्या भागाचं वेळापत्रक वेगळं. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्याला ठाऊक असलेलं संकट आहे. एप्रिलअखेर तीन याद्या तयार हव्यात: तुटणारी गावं, १५ जून ते १५ ऑक्टोबर प्रसूतीची तारीख असलेल्या माता, आणि कायमची औषधं घेणारे रुग्ण, म्हणजे क्षयरोग, सिकलसेल, मिरगी, मानसिक आजार, बीपी-शुगर. पहिल्या यादीतल्या गावांत आशाताईकडे मलेरियाच्या झटपट तपासणीच्या आरडीटी किट आणि वयोगटानुसार एसीटी या मलेरियाच्या औषधाच्या पट्ट्या चार महिन्यांच्या, आणि तिसऱ्या यादीतल्या रुग्णांना एकदम चार महिन्यांची औषधं. एका वेळी तीस दिवसांच्या वरती औषध देत नाही असा हट्ट काही ठिकाणी धरतात. तुटणाऱ्या गावांसाठी डीएचओंनी तशी लेखी सूट द्यावी. मेळघाटात उलटा हंगाम आहे. दिवाळीनंतर कुटुंबं कामाला खाली उतरतात आणि होळीला परततात. त्या काळात लसीकरण आणि कुपोषित मुलांचा पाठपुरावा अकोट, परतवाड्याच्या बाजूच्या शेतांवर आणि वीटभट्ट्यांवर करावा लागतो, म्हणजे धारणी-चिखलदऱ्याच्या यादीसाठी पैसा दुसऱ्या तालुक्यात खर्च करायची मुभा लागते.

पुढच्या दहा वर्षांत खरा भार कुठून येणार? बाळंतपणांतून नाही. राज्याचा एकूण जननदर २०१९-२१ च्या पाहणीत १.७ होता आणि तरुण मंडळी नागपूर-पुण्याकडे जात आहेत. गावात राहतात म्हातारी माणसं. वर घेतलेल्या १,२०,००० च्या तालुक्यात तिशीच्या पुढचे पन्नास हजार धरा. पाचांत एकाला उच्च रक्तदाब धरला तर दहा हजार रुग्ण. त्यातल्या निम्म्यांवर उपचार चालू ठेवायचे तरी अम्लोडिपिनच्या वर्षाला सव्वाअठरा लाख गोळ्या लागतील, रोज एक या हिशोबाने. एवढी मागणी कुठल्या पीएचसीने कधी नोंदवलीय ते तपासा. भंडारा आणि वर्धा हे जिल्हे भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत होते. तिथली पद्धत साधी आहे: मोजकी औषधं, ठरलेल्या पायऱ्या, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, न आलेल्याला फोन. ती उचलायला काहीच हरकत नाही. समुदाय आरोग्य अधिकारी असलेलं उपकेंद्र हे या रुग्णाचं घर समजा, त्याला महिन्याच्या गोळीसाठी तालुक्याला यायला लागू नये.

डायलिसिसची मागणी प्रत्येक नियोजन बैठकीत येते, विशेषतः पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातून: अकोट, तेल्हारा, संग्रामपूर, दर्यापूर. हिशोब असा. एक यंत्र दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १८ वेळा चालतं. रुग्णाला आठवड्यातून तीनदा लागलं तर सहा रुग्ण, दोनदा म्हटलं तर नऊ. चार तासांच्या एका पाळीला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी यंत्रातून जातं. पाच यंत्रं, तीन पाळ्या म्हणजे रोज १,८०० लिटर. आरओ संयंत्र जितकं शुद्ध पाणी देतं तितकं किंवा जास्त बाहेर टाकतं, आणि खाऱ्या पाण्यावर ते आणखी वाढतं. म्हणजे रोज किमान चार-पाच हजार लिटर कच्चं पाणी हवं आणि मेंब्रेन लवकर बदलावी लागणार. खारपाणपट्ट्यात यंत्रं येऊन बंद पडतात त्यात यंत्राचा दोष कमी असतो, पाण्याचा जास्त. आधी गोड्या पाण्याची नळजोडणी, मग यंत्र. आणि त्याच्याही आधी प्रत्येक पीएचसीत मूत्रपिंडाचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणी, बीपी-शुगरचा ताबा आणि अंगदुखीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांना आळा. डायलिसिसवर जाणारा माणूस पाच वर्षं उशिराने जावा, यासाठीचा खर्च यंत्रापेक्षा फार कमी आहे.

सिकलसेलबद्दल एकच आग्रह. राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तपासणीचे आकडे मोठे झाले, पण सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे वाहक की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते. आराखड्याचा निर्देशांक ‘किती तपासले’ असा ठेवू नका, ‘पक्कं निदान झालेल्या किती रुग्णांना या महिन्यात हायड्रॉक्सियुरिया हे औषध मिळालं आणि त्यांची रक्ततपासणी वेळेवर झाली’ असा ठेवा.

आणि घरी अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा. खर्ऱ्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे खूप आहेत, लकवा मारलेले आहेत, मुलं परगावी असलेली एकटी म्हातारी माणसं आहेत. त्यांना हवी असते जखम धुणारी नर्स, वेळेवर बदललेली कॅथेटर आणि वेदना थांबवणारी गोळी. एक नर्स, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक गाडी दिवसाला पाच-सहा घरं करू शकते. मॉर्फिनच्या गोळ्यांसाठी २०१४ च्या कायदादुरुस्तीने रुग्णालयाला मान्यताप्राप्त संस्था होण्याचा रस्ता मोकळा केला आहे. जिल्हा रुग्णालयाने आणि प्रत्येक पूर्ण ठिकाणाने ही मान्यता पहिल्याच वर्षी घ्यावी. वेदनेने रात्र रात्र ओरडणारा माणूस पॅरासिटामॉलवर ठेवणं ही या जिल्ह्यांतली फार मोठी आणि सहज टळणारी क्रूरता आहे.

पैसा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्र-राज्य ६०:४०, जिल्हा नियोजन, आदिवासी उपयोजना, पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांना थेट मिळणारा ५ टक्के निधी, आणि चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, यवतमाळसारख्या खाणींच्या जिल्ह्यांत खनिज प्रतिष्ठान (खाणधारकांच्या वर्गणीतून चालणारा निधी). प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. अभियानाचा पैसा उशिरा येतो आणि पदं कंत्राटी असतात. खनिज निधी मोठा असतो, पण खाणीवर अवलंबून. साधा नियम: कायम चालणारा खर्च, म्हणजे पगार, औषधं, डिझेल, देखभाल, अशा निधीतून कधीच सुरू करू नका जो पाच वर्षांनी आटू शकतो. त्यातून बांधकाम, सोलर, यंत्रं, निवासस्थानं करा. प्रत्येक यंत्रापुढे देखभालीची रक्कम पहिल्याच वर्षी लिहा.

प्रगती मोजताना एक सावधगिरी. १,८०० जन्मांच्या तालुक्यात बालमृत्युदर हजारी १६ असेल तर वर्षाला २९ मृत्यू. एका वर्षी २० आणि पुढच्या वर्षी ३८ झाले तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो. एका वर्षाच्या आकड्यावर कुणाला नोटीस देऊ नका, कुणाचा सत्कारही करू नका. तीन वर्षांची सरासरी बघा. नोटिशीची भीती बसली की मृत्यू ‘उपजत मृत’ म्हणून लिहिले जातात किंवा लिहिलेच जात नाहीत. म्हणून आशा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवह्या दर तिमाहीत समोरासमोर ठेवून मृत्यू जुळवा. ज्या पीएचसीत मृत्यूंची नोंद वाढली तिथे आधी चौकशी नको, आधी शाबासकी. तिथे कुणीतरी खरं लिहायला लागलं आहे.

अधिकारी बदलल्यावर आराखडा टिकावा यासाठी तो जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून आणि नियोजन समितीत मंजूर करून घ्या. त्याचा सारांश तालुकावार एक पान, मराठीत, प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा: तुमच्या गावचं पूर्ण ठिकाण कोणतं, तिथे कोण-कोण असायला हवं, पावसाळ्यात किती वेळात पोचायला हवं. राज्यात २००७ पासून चाललेल्या लोकाधारित देखरेखीच्या प्रक्रियेत गावांनीच सेवांना गुण दिले आणि जनसुनवाईत उत्तरं मागितली, ती सवय काही तालुक्यांत अजून आहे, तिचा उपयोग करा. दरवर्षी सप्टेंबरमध्ये आराखडा उघडून एक वर्ष पुढे सरकवा. पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची आहे. तिचे तालुकावार आकडे आले की सगळे हिशोब नव्याने करावे लागतील, म्हणून तक्ते असे ठेवा की लोकसंख्येचा रकाना बदलला की बाकीचं आपोआप बदलेल.

सुरुवात तालुक्याच्या रेफर रजिस्टरपासून करा. गेल्या सहा महिन्यांत आरएचने पुढे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णापुढे कारण लिहा: तज्ज्ञ नव्हता, रक्त नव्हतं, भूल नव्हती, यंत्र बंद, की खरोखरच वरच्या रुग्णालयाची गरज होती. पहिल्या चार कारणांची बेरीज हीच तुमच्या पहिल्या दोन वर्षांच्या कामाची यादी.